गिदोनकाकांचा वाफा

आवारात चार्जिंगचे चार खांब होते, त्यांपैकी तीन चालू. चौथ्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. ई-रिक्षा नऊ, तीन जोडलेल्या, सहा थांबलेल्या. बंद पडलेल्या वजनकाट्याची पत्र्याची खोली एक. पाण्याची काळी टाकी एक. कडुनिंब एक, कुत्री एक. आणि कडुनिंबाखाली, तिरक्या विटांची दातेरी कड असलेला, कडेला चुना मारलेला वाफा एक.

"वाफाबी लिवला का?" गिदोनकाकांनी माझ्या टॅबमध्ये डोकावत विचारलं.

"त्याला रकाना नाही, काका."

"मंग ऱ्हाऊ द्या. न्हाईतर कंपनी म्हनायची, म्हाताऱ्यानं आमच्या जागंत बाग केली."

थांबलेल्या रिक्षांपैकी एकीत मागच्या सीटवर आडवी झालेली बाई उठून बसली. "ताई, रिक्षा मोजताय का मानसं? मानसं मोजत असाल तर मला दोन धरा. माझ्या अंगामुळं रिक्षात एक सीट कायम कमीच बसतं."

ही ज्ञानेश्वरी. शाळेची मुलं सोडायची, मग भाजीबाजार, मग पुन्हा शाळा. आवारात रोज येणाऱ्या रिक्षावाल्यांत ती एकटी बाई होती आणि आवाज सगळ्यांत मोठा तिचाच होता.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुण्याच्या एका सल्लागार फर्ममध्ये लागले होते. नगर शहरात आणि शहरात येणाऱ्या रस्त्यांवर विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगच्या जागा कुठे असाव्यात, याचा आराखडा आमच्याकडे होता. बावीस जागा होत्या. प्रत्येक जागेला मी गुण देत असे: रस्त्यावरची वर्दळ, रोहित्रावर शिल्लक असलेली क्षमता, जागेची मालकी, पुढच्या जागेपर्यंतचं अंतर. पाथर्डी रस्त्याच्या बाजूचा हा वजनकाटा सात नंबरची जागा. एका खासगी कंपनीने इथे चार खांब आधीच बसवले होते आणि आणखी सहा बसवायची तिची तयारी होती. आमच्या यादीत सर्वांत जास्त गुण सात नंबरला पडले.

वाफ्याच्या मधोमध जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आला होता आणि त्याच्या तोंडावर नरसाळं होतं. हा अर्थिंगचा खड्डा. विजेची कुठे गळती झाली तर तिला माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी जमिनीत जायला सोपी वाट मिळावी, म्हणून तो असतो. वाट किती सोपी आहे हे ओहममध्ये मोजतात. आकडा जितका लहान तितकं चांगलं. आमच्या तक्त्यात पाचपर्यंत चालत असे. जमीन कोरडी पडली की आकडा वाढतो, म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि वरून पाणी घालतात.

"वायरमन सांगून गेला, ह्याला पानी पाजत जा," काका म्हणाले. "मंग म्हनलं, पानी घालायचंच हाय तर नुसत्या पाइपाला कशाला?" म्हणून पाइपाभोवती त्यांनी सदाफुली लावली होती.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मी मोजलं. चार पूर्णांक एक.

गिदोन भिंगारदिवे यांचं सगळं आयुष्य मिशनच्या कंपाउंडात माळी म्हणून गेलं होतं. कर्दळीचे ताटवे, गुलाबाची रांग, बंगल्यापुढची हिरवळ. पुढे ती बाग गेली, तिच्या जागी पार्किंग आलं, आणि काकांच्या हातात राहिली ती एक पत्र्याची झारी. लांब चोचीची, हिरवा रंग उडालेली. तिचं बूड दोनदा बदललं होतं. चार्जिंगच्या आवारात त्यांचं काम साधं होतं. रिक्षा आली की प्लग लावायचा, भरली की काढायचा, आवार झाडायचं. त्या बदल्यात पगार आणि वजनकाट्याची खोली. सगळं आवार खडी आणि सिमेंटचं. पाणी घालण्याजोगी जागा तेवढी एकच.

पाणी घालताना ते चपला काढून विटांच्या कडेबाहेर शेजारी-शेजारी ठेवत आणि अनवाणी आत जात.

"चपला का काढता?" मी विचारलं.

"वल्या वाफ्यात चप्पल घालून जात न्हाईत, ताई. माती दबती. मुळाला वारा मिळत न्हाई." झारीची चोच त्यांनी नरसाळ्यावर अलगद टेकवली. "अन् पानी पानावर न्हाई घालायचं. पायाशी."

पाइपाच्या पायाशी पाणी जिरत गेलं. कुत्री येऊन ओल्या मातीवर पोट टेकून पसरली. तिचं नाव राणी. काका तिला ओरडले, ती हलली नाही, तेव्हा त्यांनी तिच्याभोवतीनं पाणी घातलं.

एप्रिलच्या मध्यावर मी पुन्हा गेले. नव्या सहा खांबांची जागा आखायची होती.

ऊन चढायचं होतं. ज्ञानेश्वरीने रिक्षा खांबापाशी लावली, पदराचा बोळा हातात धरला आणि त्यानेच खांबाचं झाकण उघडलं.

"हे काय?"

"चिमटा घेतो ना मेला," ती म्हणाली. "सकाळी लई. काकानं पानी घातलं की गप बसतो."

"कधीपासून?"

"हाय की शिमग्यापासनं. काका म्हनतात, मुंग्या येतात नुसत्या. मी म्हनलं, मुंग्या न्हाईत, नवऱ्यागत हाय. उपाशी असला की चावतो."

रिक्षावाले हसले. मीही हसले असेन, पण माझं लक्ष वाफ्याकडे गेलं होतं. पाइपाजवळच्या सदाफुल्या वाळल्या होत्या. नुसत्या मलूल नव्हत्या, तर मुळापासून काळ्या पडल्या होत्या. त्यापुढच्या रांगेतल्या पिवळ्या. विटांच्या कडेच्या तेवढ्या हिरव्या होत्या आणि त्यांना फुलंही होती. दगड टाकल्यावर पाण्यात उठतात तशी ती वर्तुळं होती, फक्त मेलेल्या झाडांची.

"ऊन लागलं," काका म्हणाले.

वाफा कडुनिंबाच्या सावलीत होता.

"अन् ह्या वर्षी पानी लई पितो हा. आधी एक झारी पुरायची. आता चार घालतो, तरी दुपारपत्तुर कोरडा. टँकरवाला मला इचारतो, काका, हत्ती पाळलाय का?"

"राणी कुठाय?"

काकांनी हनुवटीने दाखवलं. कुत्री रस्त्यालगतच्या खडीवर उन्हात बसली होती. ओली, थंड माती पाच पावलांवर असताना ती उन्हात धापा टाकत होती. मी तिला चुचकारलं. ती उठली, शेपूट हलवत वाफ्याच्या कडेपर्यंत आली, पुढचा पंजा मातीवर ठेवला आणि तसाच उचलून मागे गेली.

मी पिशवीतून थर्मामीटर काढला. काका पाणी घालायला निघाले होते, त्यांना थांबवलं. एक काठी घेऊन कडुनिंबाच्या दुसऱ्या बाजूला हातभर भोक पाडलं आणि तिथल्या मातीचं तापमान घेतलं. एकोणतीस अंश. मग पाइपाशेजारी तेवढ्याच खोलीवर. शेहेचाळीस.

माती आतून तापत होती.

तीनही रिक्षांचे प्लग काढायला लावले. आता आवारात एकही गाडी जोडलेली नव्हती. खांबांकडून खड्ड्याकडे जाणाऱ्या तारेभोवती मी चिमटा-मीटर लावलं. तिथे शून्य यायला हवं होतं. जवळपास तीन अँपिअर वाहत होते. खांबाच्या लोखंडावर मोजलं तर एकशे बारा व्होल्ट. मग काकांकडून झारी घेतली आणि हातात रबरी मोजे चढवून, बूट घालून, माझ्या हातांनी पाणी घातलं. प्रवाह पाचवर गेला आणि खांबावरचा दाब तीस व्होल्टवर आला.

आता सगळं सरळ दिसत होतं. खांबांना वीज देणाऱ्या तारा जमिनीखाली कुठेतरी सोलल्या होत्या आणि रात्रंदिवस वीज गळत होती. ती खड्ड्यात जात होती, खड्डा तापत होता, तापून वाळत होता, आणि वाळला की तीच वीज खांबावर आणि त्या पाइपावर साचत होती. गळती होताच पुरवठा तोडणारी डबी पेटीत होती, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन थेट जोडल्या होत्या.

"सारखी पडत हुती ती," काका म्हणाले. "तासाला चारदा. वायरमन म्हनला, डायरेक्ट करून देतो, तरास मिटंल."

पडत होती, कारण गळती होती.

मी मेन स्विच खाली ओढला. चारही खांबांच्या तारा जमिनीखालच्या एकाच नळीतून गेल्या होत्या, त्यामुळे एक बंद करून बाकीचे चालू ठेवणं शक्य नव्हतं. स्विचवर लाल चिकटपट्टी लावली.

"ताई!" ज्ञानेश्वरी ओरडली. "माझी बॅटरी निम्मी बी न्हाई भरली. बाराला शाळा सुटती. पोरं काय खांद्यावर नेऊ?"

"ज्ञानेश्वरीताई, हा खांब माणूस मारेल."

"शिमग्यापासनं तर कुणी मेलं न्हाई." पण तिने पदराच्या बोळ्याकडे पाहिलं आणि तो हळूच सोडला. मग रिक्षा ढकलत रस्त्यावर नेली. जाताना म्हणाली, "वायरमन येईपत्तुर बंद ना? मंग लवकर बोलवा. तुमी तर मोजून जाल."

कंपनीचा सुपरवायझर समर्थ फोनवर मिळाला. तरुण होता, अदबीने बोलला. "मॅडम, वायरमन परवा पाठवतो. पण तुमचं काम सर्व्हेचं आहे ना? मेन तुम्ही पाडलात, ते लेखी कळवा. आणि अर्थिंगचं म्हणाल तर चाचणीच्या आधी पाणी घालतातच की. सगळीकडे घालतात. तसं रीडिंग किती आलं?"

"पाणी घालण्याआधी अडतीस. घातल्यावर सहा."

"मग आणखी थोडं घाला," तो म्हणाला.

त्याच दिवशी मी तापमान, प्रवाह, दाब, डबीचा फोटो असं सगळं पुण्याला पाठवलं आणि सात नंबर यादीतून काढावा असं लिहिलं. साहेबांचा फोन आला. ते रागावले नव्हते. त्यांच्यासमोर नकाशा होता. "सात काढला तर शहराच्या त्या बाजूला भोक पडतं, निकिता. पुढची जागा सहा किलोमीटरवर. आणि ही देखभालीची बाब आहे, नियोजनाची नाही. निरीक्षणात लिही. मंजुरीच्या वेळी तपासनीस बघतीलच."

मी निरीक्षणात लिहिलं. मग बावीसही जागांचे तक्ते पुन्हा उघडून पाहिले. जमीन कसली आहे, काळी की मुरमाड, खडक किती खाली लागतो, उन्हाळ्यात ओल कुठवर राहते, असा रकाना एकाही तक्त्यात नव्हता.

वायरमन परवा आला नाही. त्याच्या परवाही आला नाही. मी आवारात गेले तेव्हा मेन बंद होता, लाल पट्टी जागच्या जागी. रिक्षा नव्हत्या. काकांनी रिकामं आवार स्वच्छ झाडलं होतं आणि ते खोलीच्या दारात बसले होते.

"समर्थसायेब म्हनले, पंधरा दिवस बंद राहिलं तर कंपनी जागा सोडनार."

"मग तुम्ही?"

"दया म्हनती, शेवगावला या. माझी पोरगी. तिच्या दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, दोन पोरं." ते वाफ्याकडे बघत होते. "तिथं अंगन बी न्हाई. फरशी हाय सगळी. म्यां तिथं काय करू, टीव्ही बघू?"

मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. मेन बंद आहे तोवर भीती नाही. पण कुणी तो चालू केला, अगदी समर्थने सांगून केला, तरी खांबाला हात लावायचा नाही, आणि वाफ्यात तर पायच ठेवायचा नाही. पाइप खांबापेक्षा वाईट. पाणी घालायचंच झालं तर प्लास्टिकच्या मगाने, लांबून, चपला घालून.

"चपला घालून?" ते हसले.

"काका, शपथ घ्या."

"आमच्यात शपथ घेत न्हाईत. व्हय म्हनलं की व्हय." मग म्हणाले, "व्हय."

ती झारी मी त्यांच्या हातातून घेऊन खोलीतल्या खुंटीवर अडकवली.

मंजुरीची तपासणी मेच्या पहिल्या आठवड्यात ठरली. पुढचं जे मला कळलं, त्यातलं काही ज्ञानेश्वरीने सांगितलं आणि काही समर्थने, नंतर, पोलिसांसमोर. आदल्या संध्याकाळी समर्थने काकांना फोन केला. उद्या साहेब येणार, पट्टी काढून मेन चालू ठेवा, खांबांवरचे दिवे लागलेले दिसले पाहिजेत, आणि खड्ड्याला भरपूर पाणी द्या. काका म्हणाले, पाणीच नाही, चार दिवसांत टँकर आलेला नाही. समर्थ म्हणाला, सकाळी पाठवतो. तेवढा शब्द त्याने पाळला.

काकांनी पट्टी काढली आणि मेन चालू केला. खड्डा चार दिवसांचा कोरडा होता. रात्रभर वीज त्यात जात राहिली.

आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो; तपासनीस, मी आणि समर्थ. टाकी भरून वाहत होती. आवार झाडलेलं, त्यावर सडा मारलेला. विटांच्या कडेला नवा चुना. तीन खांबांवर हिरवे दिवे असायला हवे होते. ते विझलेले होते. रस्त्यालगत एक हवालदार उभा होता आणि ज्ञानेश्वरी रिक्षाच्या पायरीवर बसली होती. तिच्या साडीचा काठ चिखलाने भरला होता.

"मी लांबनं हाक मारली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काका, म्हनलं, लाइट आली का? तर वाफ्यात वाकलेले. मला वाटलं, पानी घालत्यात. घालतच हुते, ताई. झारीतनं पानी पडत हुतं. बोलंनात. मंग मी खोलीतला सोटा घेतला अन् त्यानं मेन पाडला."

"मग?"

"मंग ते बसले. आडवे न्हाई झाले, बसले. रिक्षात घातलं. माझी बॅटरी शेवटाला आली हुती, सिव्हिलच्या चढावर बंद पडली. चार पोरांनी ढकलत नेली." तिने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते. "डॉक्टर म्हनला, ढकलायची घाई नव्हती."

समर्थ कुणाला तरी फोन लावत होता आणि तो लागत नव्हता. तपासनीस वयस्क होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग पेटी उघडून पीळ दिलेल्या वायरी पाहिल्या, त्यांचा फोटो घेतला.

"दयाला कळवलं का?" मी विचारलं.

"निघालीय शेवगावहून," हवालदार म्हणाला.

मी वाफ्यापाशी गेले. कडेबाहेर, वाळलेल्या चुन्याला धक्का न लावता, त्यांच्या चपला शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या, टाचा वाफ्याकडे. खोलीच्या दारापाशी नवा निळा प्लास्टिकचा मग होता. त्याला दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं होतं. झारी पाइपाच्या पायाशी कलंडली होती. कडेच्या सदाफुल्यांच्या पानांवर पाण्याचा एक थेंब नव्हता. मधली माती काळीभोर होती. राणी आली, वाफा हुंगला, आत शिरली आणि त्या ओल्या मातीत पोट टेकून बसली.

"पंचनाम्याला रीडिंग लागेल," तपासनीस हळू आवाजात म्हणाले. "मेन बंद आहेच. तुमच्याकडे मीटर आहे ना?"

मी पाइपापासून सरळ रेषेत दोन खिळे ठोकले, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. काटा स्थिर होईपर्यंत थांबले. मग आणखी दोनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं, पाचच्या आत.

चार पूर्णांक आठ ओहम.